पहिल्या बर्फाचा भाव

दिवाळीचा फराळ संपत आला की ‘स्कीला स्वस्तात कधी जावं’ अशी पत्रं येऊ लागतात. आमच्या ताई मूळच्या साताऱ्याच्या, कोलोरॅडोत डेन्व्हरला येऊन सत्तावीस वर्षं झाली. निवृत्त झाल्यापासून शनिवार-रविवार स्कीच्या एका दुकानात लोकांच्या पायात भाड्याचे बूट बसवून देतात. यंदाची पत्रं त्यांच्याकडेच सोपवली आहेत.

ताई, आम्ही यंदाच डेन्व्हरशेजारी ऑरोराला आलो. आम्ही दोघं आणि दोन मुलं, मुलगा चौथीत, मुलगी पहिलीत. स्की कुणीच केलेलं नाही. थँक्सगिव्हिंगला चार दिवस सुट्टी आहे. मोसमाची सुरुवात आहे, स्वस्त पडेल, असं ऑफिसातले म्हणतात. कुठे जावं? बजेट बेताचं आहे.

ऑफिसातल्यांनी अर्धंच सांगितलं. मोसमाच्या तोंडाला स्वस्त असतं ते राहणं. लिफ्टने डोंगरावर जायचं तिकीट स्वस्त असेलच असं नाही. आणि थँक्सगिव्हिंगच्या त्या चार दिवसांत राहणंही स्वस्त नसतं.

आमची फजिती ऐका. २००३ चा नोव्हेंबर. तुमच्यासारखेच आम्ही चौघं, तुमच्यासारखाच कुणाचा तरी सल्ला, आणि थँक्सगिव्हिंगनंतरचा शुक्रवार. खिडकीवर पूर्ण भावाने चार तिकिटं काढली, चार जोड स्की भाड्याने घेतल्या. ठिकाणाचं नाव घेत नाही, कारण चूक आमचीच होती. मान वर करून बघतो तर सगळा डोंगर तपकिरी आणि त्यातून खाली आलेला एकच पांढरा पट्टा. विसर्जनाच्या दिवशी साताऱ्याच्या राजपथावर असते तशी गर्दी त्या पट्ट्यावर. एकच लिफ्ट चालू. तो उतारही निळा, म्हणजे मधल्या दर्जाचा. नवशिक्यांचा हिरवा उतार अजून बंद होता आणि ते आम्हाला तिकीट काढल्यावर कळलं. आमच्या ह्यांनी पाऊण डोंगर बसून उतरला. अकरा वाजता आम्ही गाडीत मेथीचे पराठे खात होतो आणि एकेक पराठा किती डॉलरला पडला याचा हिशोब धाकटी मोठ्याने करत होती.

त्या पट्ट्याला इथले लोक ‘व्हाइट रिबन ऑफ डेथ’ म्हणतात. नावावर जाऊ नका, मरत कुणी नाही, पण एकमेकांच्या स्कीवर चढणं नक्की होतं.

हे असं का होतं ते एकदा समजून घ्या, म्हणजे दर वर्षी कुणाला विचारावं लागणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरातला बर्फ बहुतेक तोफांनी पाडलेला असतो. पाणी आणि दाबाखालची हवा यांचा बारीक फवारा, दुसरं काही नाही. त्याला थंडी लागते, तसा कोरडेपणाही लागतो. मुंबईत माठातलं पाणी धड गार होत नाही आणि सोलापूरला होतं ना? तेच शास्त्र. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं ते उणे दोन सेल्सिअसच्या खाली गेलं की तोफा चालतात. आमची हवा इतकी कोरडी की साधा पारा शून्याच्या जरा वर असला तरी रात्री काम होऊन जातं. पण पाणी, वीज आणि थंड रात्री मोजक्याच, म्हणून सगळा बर्फ एकाच उतारावर ओततात. तो उतार निवडताना तिथे पाइप आहेत का, ऊन किती लागतं, हे बघतात. तुमची पहिलीतली मुलगी तिथे उतरू शकेल का, हे कुणी बघत नाही.

आरापाहो बेसिन आणि लव्हलँड ही दोन ठिकाणं ऑक्टोबरात सगळ्यांच्या आधी उघडायची जणू शर्यत लावतात. दोन्हींचा पायथाच पावणेअकरा हजार फुटांच्या घरात. आरापाहो बेसिनला बहुधा आधी उघडतो तो ‘हाय नून’, निळा. लव्हलँडलाही ‘चेट्स ड्रीम’ लिफ्टखालचा निळा उतार. लव्हलँडचा नवशिक्यांचा भाग, ‘लव्हलँड व्हॅली’, वेगळ्या पायथ्याशी आहे आणि उशिरा उघडतो. अपवाद कीस्टोनचा. तिथला ‘स्कूलमार्म’ हा तीनेक मैलांचा हिरवा उतार आणि तोफांचा मान त्याला लवकर मिळतो. मात्र तो माथ्यापासून सुरू होतो. पहिल्या दिवशी पहिल्या तासाला तीन मैल म्हणजे फार झाले. आधी तिथल्या सरकत्या पट्ट्यावर, त्याला इथे मॅजिक कार्पेट म्हणतात, दोन तास घालवा.

तेव्हा माझं म्हणणं, थँक्सगिव्हिंगला घरी बसा, टर्की नको असेल तर पुरणपोळी करा, आणि त्यानंतरच्या सोमवारपासून साधारण १८-१९ डिसेंबरपर्यंतचा काळ धरा. सणाची एक लाट ओसरलेली असते, नाताळची आलेली नसते, आणि हॉटेलवाले खोल्या रिकाम्या बघून नरम पडतात. तोवर तोफांना आणखी काही रात्री मिळालेल्या असतात, आकाशातूनही थोडं पडलेलं असतं. मधला वार मिळाला तर सोनं. एक दिवस शाळा बुडेल, बुडू दे. पण शाळेला खरं सांगा. पोट दुखतंय म्हणून सांगितलेलं पोर सोमवारी नाकावर गॉगलचा पट्टा घेऊन जातं.

फोन करताना भाव सगळ्यात शेवटी विचारा. आधी विचारा, हिरवा उतार आणि कार्पेट चालू आहे का, सहा वर्षांच्या मुलीसाठी शिकवणीचा वर्ग त्या दिवशी आहे का, आणि तो भाग उघडलाच नाही तर पैसे परत की दुसरी तारीख. पलीकडचा माणूस ‘हो, आम्ही उघडलोय’ एवढंच म्हणाला तर पुन्हा विचारा.

तुमच्या चौथीतल्या मुलाची मात्र चैन आहे. ‘कोलोरॅडो स्की कंट्री यूएसए’ ही इथल्या स्की-स्थळांची संस्था तिसरी ते सहावीच्या मुलांसाठी पासपोर्ट देते. थोडक्या शुल्कात बऱ्याच ठिकाणी प्रत्येकी चार-चार दिवस स्कीचे. लव्हलँड आणि कॉपर त्यात येतात, व्हेल कंपनीची ठिकाणं, म्हणजे कीस्टोन, ब्रेकनरिज वगैरे, येत नाहीत. काही ठिकाणी सणाचे दिवस वगळलेले असतात, ते बघून घ्या. धाकटीसाठी कीस्टोन बघा. रिसॉर्टच्या स्वतःच्या निवासात दोन रात्री राहिलात तर बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट लागत नाही, अशी त्यांची योजना असते. बुक करताना ती आजही लागू आहे ना, एवढं तोंडी वदवून घ्या. कीस्टोनला राहायचं नसेल तर फ्रिस्को, डिलन किंवा सिल्व्हरथॉर्नला राहा. ‘समिट स्टेज’ नावाची फुकट बस तिथून कीस्टोन, कॉपर, ब्रेकनरिजला जाते.

आणि डबा न्या. डोंगरावरच्या कॅन्टीनमध्ये चौघांचं खाणं म्हणजे आणखी एक तिकीट. थालीपीठ फॉइलमध्ये गुंडाळून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, दुपारपर्यंत कोमट राहतं.

अनेक ठिकाणी चालणारा मोसमाचा पास घ्यायचा तर एपिक घ्यावा की आयकॉन? आम्ही दोघं बऱ्यापैकी स्की करतो, पण वर्षात चार-पाच दिवसच जमतं. (हायलँड्स रँच)

मग पूर्ण पास कशाला? ते वीस दिवस जाणाऱ्यांचं काम. पण खिडकीवरही जाऊ नका. व्हेलला गर्दीच्या दिवसांत खिडकीवरचं तिकीट ३०० डॉलरच्या पुढे गेलेलं आहे, आणि हे मुद्दाम केलेलं असतं. लोकांनी बर्फ पडायच्या आधी पैसे गुंतवावेत म्हणून खिडकी महाग ठेवायची. तेव्हा त्यांच्याच डावाने खेळा. ‘एपिक डे पास’ एक ते सात दिवसांचा मिळतो. दिवस आधी मोजायचे, पैसे आधी भरायचे, खिडकीच्या मानाने बरंच कमी पडतं. मात्र पासची विक्री डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होते आणि त्याआधी भाव टप्प्याटप्प्याने चढतो. ‘आधी बर्फ बघू, मग घेऊ’ म्हणणारे दर वर्षी हात चोळत आमच्या दुकानात येतात.

डेन्व्हरजवळ राहता तर माझी पसंती लव्हलँडला. मोठ्या कंपनीचं नाही, पार्किंगला पैसे नाहीत, आणि मोसमाआधी चार दिवसांचा जो ‘फोर-पॅक’ विकतात तो कुणालाही देता येतो. तुम्ही दोन दिवस गेलात, उरलेले दोन भाच्याला दिलेत, चालतं. तिथे चकचकीत गाव नाही, संध्याकाळी फिरायला दुकानं नाहीत. मला ते आवडतं, तुमच्या सौभाग्यवतींना विचारा.

आणखी एक. ओळखीत कुणाकडे पूर्ण पास असेल तर त्याच्याकडे मित्रांसाठी सवलतीची तिकिटं असतात आणि निम्मे लोक ती वापरतच नाहीत. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात चिवड्याच्या रांगेत उभं राहून विचारलंत तरी काम होईल.

ताई, मी फोर्ट कॉलिन्सला शिकतो. स्वॅपमध्ये, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात, स्की ४० डॉलरला मिळताहेत, खालून ओरखडे आहेत. घेऊ का? मित्र म्हणतो, दुकानातून नवीन भाड्याने घे.

घे बाळा. नोव्हेंबरात तर अशाच घे. बर्फ हातभर नसतो, खाली दगड वाट बघत असतात. इथले जाणते लोक जुन्या जोडीला ‘रॉक स्की’ म्हणतात आणि चांगली जोडी जानेवारीपर्यंत कोठीत ठेवतात. फक्त बाइंडिंग, म्हणजे बूट अडकतो ती पकड, दुकानात तपासून घे. फार जुनी असेल तर दुकानदार तिला हात लावणार नाही. मग त्या स्की भिंतीवर टांगायच्या लायकीच्या.

भाड्याने घेतल्यास, तर नुकसानीचं संरक्षण म्हणून जे थोडे डॉलर मागतात ते सुरुवातीच्या महिन्यात दे. एरवी मी कुणाला ते घे म्हणून सांगत नाही, दुकानातल्या माझ्या मॅनेजरला हे वाचता येत नाही म्हणून बरं. आणि डोंगरावरच्या दुकानातून घेऊ नकोस. तीच वस्तू खाली शहरात स्वस्त मिळते, शिवाय सकाळची रांग वाचते.

बूट मात्र जुने-पुराणे कुणाचे घेऊ नकोस. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की जराशी मागे सरली पाहिजेत. आपली मुलं दोन-दोन मोजे घालून येतात आणि मोठा बूट मागतात. एकच पातळ, उंच मोजा घाल. दोन मोज्यांनी पाय आवळला जातो, रक्त फिरत नाही, आणि जास्त गारठतो. जीन्स घालून गेलास तर दुपारी ती ओली होऊन पत्र्यासारखी कडक होईल. मग मला पत्र लिहू नकोस.

सासूबाई नाशिकहून आल्या आहेत, वय ६८, रक्तदाबाची गोळी चालू आहे. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही ब्रेकनरिजला जातोय. त्यांना घरी ठेवावं की न्यावं? त्यांच्यासाठी वेगळा खर्च किती येईल?

अवश्य न्या, पण पोचल्या पोचल्या नको. कळसूबाईचं शिखर ५,४०० फूट. डेन्व्हर ५,२८० फूट. म्हणजे तुमच्या सासूबाई तुमच्या स्वयंपाकघरात उभ्या आहेत तेव्हाच जवळपास कळसूबाईवर उभ्या आहेत. ब्रेकनरिज गाव ९,६०० फूट, आणि तिथली सगळ्यात उंच लिफ्ट १२,८४० फुटांवर सोडते. त्या लिफ्टचा तुमच्या सासूबाईंशी संबंध नाही, आकडा सांगायचा म्हणून सांगितला. डेन्व्हरला आठवडाभर राहिल्या असतील तर उत्तम. त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा, पाणी भरपूर प्यायला लावा, आणि रात्री डोकं ठणकायला लागलं, मळमळलं तर ‘प्रवासाने झालं असेल’ म्हणत बसू नका, खाली उतरा.

खर्च विचारलात, तर जवळपास शून्य. गावातून डोंगराच्या पायथ्यापर्यंत दोरावरून जाणारी गोंडोला फुकट आहे. फार वर नेत नाही, बसून जायचं, बसून यायचं, काचेतून झाडं बघायची. माझ्या आईला २०११ मध्ये नेलं होतं. तीन फेऱ्या केल्या तिने, आणि तिसऱ्यांदा उतरताना दार उघडणाऱ्या मुलाच्या हातावर लाडू ठेवला. गावातल्या बसलाही पैसे पडत नाहीत. एक चांगली गरम टोपी आणि तळाला खाच असलेले बूट एवढंच घ्या. मोज्यांवर चपला घालून हिंडू देऊ नका, हे मी रस्त्यावर पाहिलेलं आहे.

डॅलसहून गाडीने येतोय, डिसेंबरच्या मध्यावर. साधी दोन चाकं ओढणारी सेडान आहे. चालेल का?

टायरवर अवलंबून. १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात डेन्व्हरहून डोंगरात जाणाऱ्या आय-७० महामार्गावर डॉटसेरो ते मॉरिसन या पट्ट्यात कायदा आहे. बर्फ-चिखलाचे टायर हवेत, खाच किमान ३/१६ इंच, नाहीतर साखळ्या गाडीत असल्याच पाहिजेत. रस्ता कोरडा असला तरी बाळगायच्या. भाड्याच्या गाडीलाही हाच नियम. टेक्सासमध्ये तीन उन्हाळे काढलेले टायर असतील तर निघण्याआधी खाच मोजून घ्या.

इतकं करूनही छातीत धडधडत असेल तर गाडी डेन्व्हरला ठेवा. ‘स्नोस्टँग’ ही सरकारी बस हिवाळ्यात शनिवार-रविवार लव्हलँड, आरापाहो बेसिनसारख्या ठिकाणी जाते, जाऊन-येऊन २५ डॉलरच्या आसपास. ती साधारण डिसेंबरात सुरू होते, म्हणजे तुमच्या तारखांना लागते की नाही ते आधी बघा. परत येताना सगळी बस घोरत असते. खिडकीकडची जागा धरा, शेजारच्याचे ओले बूट निदान एकाच बाजूला राहतात.