नोकरी सांभाळून बास फिशिंगच्या स्पर्धा खेळणं परवडतं का?

तुमचा प्रश्न असा: "दर महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या माणसाला अमेरिकेतल्या व्यावसायिक बास फिशिंगमध्ये उतरता येतं का, की हा आता पैसेवाल्यांचाच खेळ झालाय?"

बास म्हणजे गोड्या पाण्यातला, गळाने पकडायचा मासा. त्याच्या स्पर्धा खेळणं परवडतं. टूर, म्हणजे देशभर फिरून खेळायची व्यावसायिक मालिका, परवडत नाही, आणि पैसे संपायच्या आधी तुमची रजा संपते.

मी मूळचा मालवणकडचा. लहानपणी खाडीवर गरवायला जायचो. आता अलाबामात एका कारखान्यात क्वालिटीच्या कामाला आहे. टेनेसी नदीवरचा गंटर्सव्हिल जलाशय घरापासून फार लांब नाही. बासमास्टर क्लासिक, म्हणजे या खेळातली सगळ्यात मानाची स्पर्धा, तिथे १९७६, २०१४ आणि २०२० साली झाली. त्यामुळे इथे हा खेळ हवेतच आहे. बोटी पाण्यात उतरवायचा रॅम्प पहाटे पाचला ट्रेलरांनी भरलेला असतो आणि त्यात वेल्डर, नर्स, ट्रकवाले, मास्तर असे सगळे असतात. मीही क्लबातून आणि शनिवारच्या स्पर्धांतून खेळतो. त्याच्या वर गेलेलो नाही, पण वर गेलेल्यांच्या बोटीत मागे बसलोय.

आधी रजेचं बघू, कारण ते कुणी सांगत नाही. वरची पायरी म्हणजे बासमास्टर एलिट सिरीज. एका स्पर्धेला तीन दिवस सराव आणि चार दिवस प्रत्यक्ष खेळ. पहिले दोन दिवस सगळे खेळतात, तिसऱ्या दिवशी वरचे पन्नास, चौथ्या दिवशी दहा. तुम्ही दुसऱ्याच दिवशी बाहेर पडलात तरी आठवडा गेलाच, वर बोट ओढत जाण्या-येण्याचे दिवस. एखाद्या वर्षी हिवाळ्याच्या शेवटी फ्लोरिडात सेंट जॉन्स नदीवर आणि उन्हाळ्यात पार न्यूयॉर्कच्या सेंट लॉरेन्स नदीवर, अशा हंगामात आठ-नऊ स्पर्धा. बेरीज सत्तर-ऐंशी दिवसांवर जाते. इथल्या साध्या नोकरीत भरपगारी रजा दोन आठवडे, नशीब चांगलं असेल तर तीन. कुठला सुपरवायझर ऐंशी दिवस सोडेल?

बरं, एलिटमध्ये थेट शिरता येत नाही. त्याच्या खाली ओपन्स आहेत. नाव ओपन, म्हणजे फी भरून कुणीही उतरावं. २०२३ साली नियम आला की एलिटची जागा हवी असेल तर नऊच्या नऊ ओपन्स खेळायच्या. एका स्पर्धेची फी १,८०० डॉलर, म्हणजे नुसती फी १६,२०० डॉलर. त्याआधी आपल्या विभागातल्या मोजक्या स्पर्धा चांगल्या गेल्या तरी वर जाता यायचं. नोकरदाराला तेवढी एक खिडकी होती आणि माझ्या मते ती बंद करणं हा या खेळातला सगळ्यात श्रीमंतधार्जिणा निर्णय होता. पाण्यातला मासा स्क्रीनवर दाखवणाऱ्या सोनारवर लोक तावातावाने भांडतात, या नियमावर त्याच्या निम्मंही भांडले नाहीत. पुढे रचना पुन्हा बदलली आहे, तेव्हा नाव नोंदवताना त्या वर्षाचे नियम वाचाच.

आता पैसा. एलिटच्या हंगामाची प्रवेश फी चाळीस हजार डॉलरच्या वर जाते. पेट्रोल, राहणं, बोटीचा विमा, आमिषं, मोडतोड धरली की वर्षाचा खर्च सत्तर-ऐंशी हजारांवर सहज पोहोचतो, असं खेळणारेच सांगतात. रुपयांत करू नका, छाती दडपेल. समोर बक्षीस काय? एलिटची एक स्पर्धा जिंकली तर एक लाख डॉलर, क्लासिक जिंकलं तर तीन लाख. आकडे भुरळ पाडणारे आहेत. पण मैदानात शंभराच्या आसपास लोक असतात आणि पैसे साधारण वरच्या निम्म्यांनाच मिळतात. खालचे निम्मे हजारो डॉलर भरून हात हलवत घरी जातात, तेही देशातले उत्तम गळकरी असून.

बक्षिसाचा मोठा हिस्सा खेळणाऱ्यांच्याच खिशातून येतो, हे या खेळाचं मूळ दुखणं आहे आणि ते पहिल्या दिवसापासूनचं आहे. १९६७ साली रे स्कॉट नावाच्या अलाबामाच्या विमा एजंटाने आर्कान्साच्या बीव्हर लेकवर पहिली मोठी स्पर्धा भरवली. १०६ जणांनी प्रत्येकी १०० डॉलर दिले. पहिल्या आलेल्या स्टॅन स्लोनला २,००० डॉलर आणि अकापुल्कोची सहल मिळाली. १९७१ च्या पहिल्या क्लासिकला लेक मीडवर २४ जण होते आणि बॉबी मरीने १०,००० डॉलर एकट्याने नेले, दुसऱ्याला छदाम नाही. तेव्हापासून आकडे वाढले, पण आपली फी आपणच भरायची आणि ती कुणीतरी दुसऱ्याने न्यायची, हा साचा फारसा हलला नाही. २०१९ मध्ये मेजर लीग फिशिंग या बासमास्टरच्या प्रतिस्पर्धी संघटनेने ८० खेळाडूंना घेऊन बास प्रो टूर सुरू केली तेव्हा प्रवेश फी ठेवली नव्हती, म्हणून केव्हिन व्हॅनडॅमसकट मोठमोठी नावं तिकडे गेली. पण तिथे बोलावणं लागत होतं. तुमच्या-माझ्यासाठी ते दार नव्हतंच आणि नंतर तिथलं मैदानही लहान होत गेलं.

मग हे लोक जगतात कशावर? स्पॉन्सर, यूट्यूब, गाइडचं काम, आणि रॅम्पवरचा नेहमीचा विनोद म्हणजे चांगल्या नोकरीवरची बायको, जिच्या ऑफिसातून घरच्यांचा आरोग्यविमा येतो. ऐकून हसू येतं, पण इथे ज्याच्या घरात नोकरी नाही त्याला विम्याचा हप्ता स्वतः भरावा लागतो, म्हणजे विनोद फारसा उरत नाही. गावाकडे शर्यतीचा बैल पाळणारा जसा बक्षिसावर बैल पोसत नाही, शेतीवर पोसतो, तसंच बहुतेकांचं चालतं. स्पॉन्सरबद्दल एक भ्रम मात्र काढून टाका. अंगावर कंपन्यांची नावं छापलेला शर्ट म्हणजे पगार नव्हे. खालच्या पातळीवर 'प्रो स्टाफ' म्हणजे बहुतेक वेळा सवलतीत माल, आणि त्याच्या बदल्यात तुम्ही त्यांची फुकट जाहिरात करायची. सवलतीत घेतलेला अनावश्यक रॉडसुद्धा पैसे खर्च करूनच येतो.

बोटीचं सांगतो. टूरवरची बोट म्हणजे वीस-एकवीस फुटी फायबरग्लासची, मागे २५० हॉर्सपॉवरचं इंजिन. नवी घेतली तर ऐंशी हजार ते लाख डॉलर, सामान चढवलं की त्याच्याही पुढे. ती ओढायला दणकट पिकअप वेगळा. त्यात २०१८ ला गार्मिन कंपनीचं लाइव्हस्कोप नावाचं सोनार आलं. समोरच्या पाण्यात मासा कुठे आहे, आमिषाकडे वळला का, हे स्क्रीनवर जिवंत दिसतं. लोकांनी एकेका बोटीवर चार-चार, पाच-पाच स्क्रीन चढवले. मोठ्या स्क्रीनची किंमत एकेकी हजारांत. शेवटी २०२५ ला एलिटमध्ये मर्यादा घातली, असं जिवंत चित्र देणारा एकच ट्रान्सड्यूसर (पाण्यातला सेन्सर) आणि सगळे स्क्रीन मिळून ५५ इंच. जुने लोक म्हणतात सोनारने खेळ श्रीमंतांचा केला. मला तितकंसं पटत नाही. पाण्यावर पन्नास दिवस घालवून मासा शोधणं हीसुद्धा श्रीमंतीच होती, फक्त ती वेळेची होती. नोकरदाराकडे वेळच नसतो. त्याला शनिवारच्या एका सकाळी पाणी समजून घ्यायचं असेल तर सोनारचा एक जुना, वापरलेला युनिट त्याचे कितीतरी दिवस वाचवतो. हे बोलून मी क्लबात शिव्या खाल्ल्यात, पण मत कायम आहे.

तुम्ही म्हणाल, पण सामान्य माणसं जिंकलीच आहेत की. आहेत, आणि त्या गोष्टी खऱ्या आहेत. ब्रायन कर्शल कनेक्टिकटच्या एका हॉटेलात स्वयंपाकी होता. क्लबांच्या स्पर्धांतून वर चढत १९९३ च्या क्लासिकला पोहोचला आणि शेवटचा आला. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच वाटेने पोहोचला आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या हाय रॉक लेकवर माशांच्या वजनात अवघ्या चार औंसांनी जिंकला. वय २३. त्याच डिसेंबरात विमान अपघातात गेला. क्लबांच्या वाटेने येऊन क्लासिक जिंकणारा तो पहिला. रिक क्लन ह्यूस्टनला एक्सॉनमध्ये कॉम्प्युटर प्रोग्रॅमर होता. नोकरी सोडून उतरला, चार क्लासिक जिंकला आणि २०१९ ला ७२ व्या वर्षी सेंट जॉन्स नदीवर एलिटची स्पर्धा जिंकली. ताकाहिरो ओमोरी १९९२ ला जपानहून आला, काही वर्षं गाडीतच राहिला, गाडीतच झोपला, आणि २००४ चं क्लासिक जिंकला.

आपल्याकडच्या आयटीवाल्यांना क्लनची गोष्ट फार आवडते. पण तिघांकडे नीट बघा. एकजण तेविशीतला, दुसऱ्याने नोकरी सोडली, तिसऱ्याला गाडीत झोपणं चालत होतं. नोकरी, घराचा हप्ता आणि दोन मुलं सांभाळून टूर खेळलेला यात कुणीच नाही. आता तर बरेच नवे खेळाडू कॉलेजांच्या फिशिंग टीममधून येतात. २०२५ चं क्लासिक जिंकणारा ईस्टन फॉदरगिल २२ वर्षांचा होता, अलाबामातल्या माँटेव्हालो विद्यापीठाच्या टीममधून आलेला. नोकरी लागायच्या आधीच ते टूरवर पोहोचतात. पस्तिशीत हप्ते फेडणाऱ्या माणसाची त्यांच्याशी बरोबरी होणं अवघड आहे.

म्हणून तुमच्यासाठी खालची पातळी, आणि ती कमी दर्जाची समजू नका. जलाशयांवर आठवड्यातल्या संध्याकाळी पॉट टूर्नामेंट होतात. कामावरून सुटून थेट रॅम्पवर यायचं, बोटीमागे वीस-चाळीस डॉलर काढायचे, अंधार पडायच्या आत वजन करायचं आणि जमलेला गल्ला वाटून घ्यायचा. त्याच्या वर मेजर लीग फिशिंगची बीएफएल, म्हणजे बास फिशिंग लीग. स्पर्धा बहुतेक एका दिवसाच्या आणि शनिवारी, म्हणजे रजेचा प्रश्नच मिटला. बोटवाल्याची फी दोनशे-अडीचशे डॉलरच्या आसपास, आणि मागच्या डेकवर उभं राहून खेळणाऱ्या को-अँगलरची त्याच्या निम्मी. बोटवाला आणि को-अँगलर यांची जोडी सोडतीने लागते आणि दोघांची बक्षिसं वेगळी. वर चढत गेलात तर ऑल-अमेरिकन फायनल, तिथे बोटवाल्या विजेत्याला लाख डॉलर. स्वतःची बोट नसताना खेळ शिकायचा तर को-अँगलरसारखी सोय नाही. रडत खडत मासे पकडणारा आणि पाणी वाचून पकडणारा यातला फरक मला मागे उभं राहूनच कळला.

एकट्याने खेळायचं असेल तर कयाक. बासमास्टरची स्वतःची कयाक मालिका २०२० पासून आहे. पेट्रोलचं इंजिन नाही, मासे तोलणं नाही. मासा पट्टीवर ठेवायचा, फोटो काढायचा, जागीच सोडायचा, आणि पाच माशांची लांबी मोजली जाते. पेडलवाली चांगली कयाक काही हजार डॉलरांत येते आणि साध्या गाडीच्या टपावर बसते. मध्यमवर्गीय माणसाला आज पूर्ण इभ्रतीने स्पर्धा खेळायची तर मी डोळे झाकून हेच सुचवेन.

दोन गोष्टी खास आपल्या लोकांसाठी. तुम्ही एच-वन-बी व्हिसावर असाल तर स्पॉन्सरकडून पैसे घेणं हे परवानगी नसलेलं दुसरं काम ठरू शकतं. बक्षिसाच्या रकमेबद्दलही आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा. ग्रीन कार्ड पणाला लावावं इतका बास मोठा नाही. आणि बक्षिसावर कर लागतो. धंदा म्हणून हिशेब ठेवलात तर फी, पेट्रोल वजा करता येतं, नुसती हौस म्हणून दाखवलंत तर उत्पन्नावर कर आहेच, खर्च मात्र वजा होत नाही. पहिल्या दिवसापासून पावत्या ठेवा.

या हंगामात सुरुवात करणार असाल तर राज्याचं फिशिंग लायसन्स काढा, जवळच्या बी.ए.एस.एस. नेशन (बासमास्टरवाल्यांचंच हौशी क्लबांचं जाळं) क्लबात नाव घाला आणि एखाद्या शनिवारी को-अँगलर म्हणून उतरा. तीन-चार रॉड, एक छोटी बॅग आणि स्वतःचं लाइफ जॅकेट एवढंच न्या, कारण मागची जागा अपुरी असते. बोटवाल्याला पेट्रोलचे पैसे सकाळी निघायच्या आधीच रोख द्या, त्याने मागेपर्यंत थांबू नका. आणि डब्यात केळं नेऊ नका. इथे बोटीत केळं अपशकुनी मानतात आणि दिवसभर मासा लागला नाही तर खापर तुमच्यावरच फुटेल.