शेवट आधीच ठाऊक असेल तर थरारक कादंबरी वाचण्यात मजा राहते का?

राहते, शंभर टक्के राहते. फ्रेडरिक फोर्साइथची 'द डे ऑफ द जॅकल' वाचून पाहा. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला एक भाडोत्री मारेकरी निघतो, एवढीच गोष्ट. कादंबरी आली १९७१ मध्ये आणि द गॉल १९७० मध्ये घरीच वारले होते. म्हणजे कट फसणार हे पहिल्या पानापासून माहीत. तरी पुस्तक खाली ठेववत नाही!

मी ती हरभऱ्याच्या ओलितावर वाचली. आमच्या यवतमाळकडं शेतीची लाइन बरेचदा रात्रीच येते. मोटार लावायची, पाणी फिरवायचं, सरी भरेपर्यंत बॅटरीच्या उजेडात चार पानं. मारेकरी आर्देनच्या जंगलात खरबूज टांगून बंदुकीचा नेम तपासतो, तिथं होतो तेव्हा पाण्याचा दांड फुटल्याचा आवाज आला. आधी ते पान संपवलं, मग फावडं उचललं.

हा वेग हाणामारीतून येत नाही, बारकाव्यांतून येतो. मेलेल्या पोराच्या नावानं जन्मदाखला काढून पासपोर्ट कसा मिळवला, हे असं सांगितलंय की आपण श्वास रोखून अर्ज भरताना पाहतो. फोर्साइथ पॅरिसमध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेचा बातमीदार होता, ते ओळीओळीत दिसतं. आणि मारेकऱ्याचा माग काढणारा पोलीस अधिकारी लेबेल! शांत, साधा माणूस, पण मला तोच जास्त आवडला.

सुरुवातीचं राजकारण जरा जड जातं, फ्रेंच नावंही गोंधळात टाकतात. तेवढं सोसा.