१२ लाखांत दहा वर्षं जुनी लक्झरी फोर-बाय-फोर घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बजेट १२ लाख, गाव सातारा जिल्ह्यात, पावसाळ्यात रानात जायची पाणंद चिखलाची, महिन्यातून दोनदा पुण्याची खेप. दिल्लीच्या एका डीलरकडे २०१५ची जर्मन डिझेल फोर-बाय-फोर आहे. नवी होती तेव्हा ५० लाखांची, आता ११ लाख ८० हजारांत देतोय. घ्यावी का?

ही गाडी, या भावात, नको. अशीच एक मी चार वर्षं पोसली आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. कुठल्या कंपनीची ते मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीपेक्षा माझ्या हिशेबाचा जास्त होता.

मीही तेव्हा अकरा लाखांचं बजेट धरून साडेदहाला गाडी घेतली आणि उरलेल्या पन्नास हजारांत सीट कव्हर आणि डॅशकॅम बसवला. दुसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी बाहेर आलो तर गाडी पुढून डावीकडे बसलेली. म्हैस पुढचा पाय दुमडून बसते ना, अगदी तशी. चालू केली, खालून पंपाची घरघर झाली आणि दोन मिनिटांत गाडी उठून सरळ उभी राहिली. मला वाटलं, चला, बरी झाली. तिथंच चुकलो. एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी रबराचे हवेचे फुगे असतात. एखाद्याला बारीक चीर गेली की रात्रभर हवा उतरते आणि ती भरून काढायला कॉम्प्रेसर एकसारखा पळत राहतो. दोन महिने मी ही उठबस बघत बसलो, मग कॉम्प्रेसरही जळाला. कंपनीच्या वर्कशॉपचं एस्टिमेट आलं ३ लाख १० हजार. पुण्यातल्या एका बाहेरच्या गॅरेजमध्ये दुसऱ्या बनावटीचे फुगे आणि कॉम्प्रेसर टाकून १ लाख ३५ हजारांत भागवलं. फुगा पहिल्याच आठवड्यात बदलला असता तर कॉम्प्रेसरचे पैसे तरी वाचले असते.

या गाड्यांची गोम हीच. गाडीचा भाव दहा वर्षांत पाव होतो, पण पार्टचा भाव नव्या गाडीचाच राहतो. हेडलाइट फुटला तर तो ५० लाखांच्या गाडीचा हेडलाइट असतो. त्यामुळे तुमचं बजेट १२ लाख असेल तर तुम्ही आठ लाखांच्या गाडीचं गिऱ्हाईक आहात. उरलेले चार लाख बँकेत ठेवायचे आणि ते पहिल्या दोन वर्षांत जाणार असं धरून चालायचं. नाही गेले तर नशीब म्हणा.

टायरचंच बघा. आंबोली घाटात माझा एक टायर कडेनं फाटला. साध्या गाडीत आपण एक किंवा जोडी बदलतो. ऑल-व्हील-ड्राइव्हला ते चालत नाही. नव्या टायरचा घेर झिजलेल्यापेक्षा मोठा असतो, त्यामुळे चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या ट्रान्सफर केसवर सतत ताण येतो. ती गेली तर टायरचे पैसे किरकोळ वाटतील असा खर्च. म्हणून चारही टायर एकदम बदलले, ९२ हजार.

आता दिल्लीच्या स्वस्ताईबद्दल. ती गाडी स्वस्त आहे ती डीलरच्या उदारपणामुळे नाही. हरित लवादाच्या आदेशानं आणि २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो उचलून धरल्यामुळे दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली. २०२५मध्ये न्यायालयानं थोडा दिलासा दिला, पण कुणाला आपली गाडी उद्या भंगारात काढायला लावतील या भीतीत जगायचं नाही. म्हणून दहाव्या वर्षाच्या आसपास तिथून गाड्यांचा लोंढा बाहेर पडतो. तुम्ही ती इकडं आणलीत की एनओसी, पुन्हा नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स आला. २० लाखांवरच्या डिझेल गाडीला आपल्याकडे १५ टक्के दर आहे, आणि तो तुम्ही दिलेल्या ११ लाख ८० हजारांवर नाही, मूळ किमतीवर धरून गाडीच्या वयाप्रमाणे कमी करतात. तुमच्या आरटीओतून हा आकडा आधी काढून आणा, मग दिल्लीवाल्याशी बोला. वर २०१५ची गाडी म्हणजे २०३०ला १५ वर्षं पुरी, पुन्हा नोंदणी आणि पर्यावरण कर. त्या सुमारास तुम्ही ती विकायला काढाल तेव्हा समोरचाही हाच हिशेब करेल. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो त्याच्याकडेच राहतो, तेव्हा विम्याचा हप्ताही पूर्ण धरा.

पाणंदीचं मात्र निराळंच बोलावं लागेल, कारण तुमची निम्मी गरज तिथं आहे. ऑडीची क्वाट्रो, बीएमडब्ल्यूची एक्सड्राइव्ह, मर्सिडीजची फोरमॅटिक या व्यवस्था ओल्या रस्त्यावर आणि घाटाच्या वळणावर गाडी धरून ठेवतात, त्यात वादच नाही. पण ऑडी क्यू-फाइव्ह किंवा बीएमडब्ल्यू एक्स-थ्रीसारख्या गाडीत लो रेंज गिअर, म्हणजे अगदी हळू पण जादा ताकदीनं ओढणारा गिअर, नसतो आणि टायर डांबरी रस्त्याचे असतात. आमच्या वाळव्याकडच्या काळ्या रानात एकदा मी मोठ्या ऐटीत उसाच्या बांधापर्यंत गेलो. चारही चाकं फिरत होती आणि गाडी जागच्या जागी रुतत होती. टायरच्या खाचा मातीनं भरून टायर गुळगुळीत गोळा झाले होते. चुलतभाऊ ट्रॅक्टर घेऊन आला, दोर आणला, आणि विचारलं, "दादा, बांधू कुठं?" पुढच्या बंपरवर एक छोटं झाकण असतं, ते काढून आत लोखंडी हुक फिरवून बसवायचा असतो. तो हुक स्टेपनीपाशी टूलकिटमध्ये असतो. माझं टूलकिट आधीच्या मालकानं कधीच हरवलेलं. शेवटी चिखलात पालथा झोपून चाक धरून ठेवणाऱ्या खालच्या आर्मला दोर बांधला, जे करायचं नसतं. तो भाऊ अजून लग्नकार्यात चारचौघांत विचारतो, हुक मिळाला का.

तेव्हा गाडी बघायला जाल तर आधी टूलकिट उघडून हुक बघा. हसू नका, जो मालक हुक जपतो तो ऑइलही वेळेवर बदलतो.

बाकी बघायचं ते असं. डीलरला आदल्या दिवशी सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका, आणि गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी या. गार इंजिन चालू होताना जे बोलतं ते नंतर बोलत नाही. उदाहरणार्थ, २०१४पर्यंतच्या बीएमडब्ल्यूच्या एन-४७ डिझेल इंजिनाची टायमिंग चेन (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारी साखळी) मागे, गिअरबॉक्सकडच्या बाजूला आहे. ती ढिली झाली तर मागून साखळी घासल्यासारखी खरखर येते, आणि बदलायची तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. पार्ट त्या मानानं स्वस्त, मजुरीच जीव घेते.

मोकळ्या पक्क्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा, दोन्हीकडून. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी धक्के देत, अडखळत फिरली तर ट्रान्सफर केस किंवा टायर, दोन्हींपैकी एकात घोळ आहे. टायरवर चार आकड्यांचा शिक्का असतो, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. चारही टायर एकाच जातीचे आणि एकाच वयाचे हवेत.

गिअरबॉक्सचं ऑइल 'आयुष्यभराचं' आहे असं डीलर छातीठोक सांगेल. झेडएफ या गिअरबॉक्स बनवणाऱ्या कंपनीचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स या वर्गातल्या कितीतरी गाड्यांत आहेत, आणि ती कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला ऑइल बदला म्हणते. बदलल्याचं वर्कशॉपचं जॉबकार्ड दाखवा म्हणा. नसेल तर भावात घासाघीस करायला तो एक मुद्दा झाला. स्कॅनर त्या ब्रँडचाच लावणारा माणूस बरोबर न्या. किलोमीटर फक्त मीटरमध्ये नोंदलेले नसतात, इतर मॉड्यूलमध्येही (गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये) त्यांची नोंद सापडते, आणि मीटर मागे फिरवणारे सगळीकडे हात मारत नाहीत.

मी सांगलीचा, त्यामुळे बुडालेल्या गाडीचा वास लांबून येतो. २०१९च्या ऑगस्टात कृष्णेच्या पुरात किती गाड्या काचेपर्यंत पाण्यात होत्या ते डोळ्यांनी पाहिलंय, आणि अशा गाड्या विम्याच्या लिलावातून धुऊन-पुसून दुसऱ्या राज्यात जातात. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, आतल्या पट्ट्यावर गाळाची रेघ असते. सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा. या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल कार्पेटखाली आणि डिकीच्या तळाशी असतात, एकदा पाणी गेलं की वर्षभरानंतरही भुतं उठतात. एकाएकी हॉर्न वाजतो, काच आपोआप खाली जाते. पूरच हवा असंही नाही. सनरूफची पाणी जायची नळी कचऱ्यानं तुंबली तरी हेच होतं, म्हणून कार्पेटवर तळवा दाबून ओल बघा.

मग घ्यायचं काय? तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या पिढीची फॉर्च्युनर ३.० फोर-बाय-फोर मॅन्युअल शोधली असती, २०१२ ते २०१५मधली, महाराष्ट्राच्या पासिंगची. १७१ हॉर्सपॉवर, चारही चाकांना कायम ड्राइव्ह आणि शिवाय लो रेंज. आतून ती लक्झरी वगैरे अजिबात नाही, मागच्या सीटवर बसणारा खड्ड्यागणिक देव आठवतो. पण तिची नाळ इनोव्हाशी आहे आणि इनोव्हा खोलणारा मिस्त्री कुठल्याही तालुक्याच्या गावाला सापडतो. फोर-बाय-टू, म्हणजे दोनच चाकांना ड्राइव्ह असलेल्या फॉर्च्युनरही बाजारात पुष्कळ आहेत, तेव्हा जाहिरातीवर जाऊ नका, ट्रान्सफर केसचा दांडा डोळ्यांनी बघा. फोर्डची एंडेव्हर ३.२ चालवायला कितीतरी सुखाची आहे, पाच सिलिंडर, २०० हॉर्सपॉवर, लो रेंज. फोर्डनं सप्टेंबर २०२१मध्ये इथलं उत्पादन बंद करायची घोषणा केली, तेव्हा जवळचं सर्व्हिस सेंटर अजून चालू आहे का ते आधी फोन करून विचारा.

आणि जर्मनच हवी, मन भरतच नाही, असं असेल तर तेही मी समजू शकतो. रात्री एक्सप्रेसवेवर ती गाडी जशी जाते तसं दुसरं काही जात नाही, मला अजून आठवण येते. पण मग एकाच मालकाची, पुण्या-मुंबईची, सगळी जॉबकार्डं असलेली, साध्या स्प्रिंगची, आठ-साडेआठ लाखांत. पाणंदीसाठी ट्रॅक्टरवाल्याचा नंबर जवळ ठेवा.

दिल्लीच्या गाडीचं नेमकं मॉडेल, इंजिन आणि चारही टायरवरचे आकडे इथं लिहा, बघून सांगतो. टोकन तेवढं आत्ता देऊ नका.