दात कशाने घासतेस?

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बत्तिसाव्या आठवड्यात बाळंत झालेली ती बाई, काचेच्या पेटीत ठेवलेलं चौदाशे ग्रॅमचं बाळ, आणि तू तिचं कार्ड पुढ्यात घेऊन बसलेली. गोळ्या दिल्या, बीपी ठीक, लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. मग चुकलं कुठे, हा तुझा प्रश्न.

कित्येक बाळं कारण न कळू देता लवकर येतात, हे तुला कॉलेजात शिकवलंय. ते मी पुन्हा सांगत नाही. माझं बोट कार्डावरच्या एकाच ओळीवर आहे. ‘व्यसन: नाही.’ कसं विचारलंस? “तंबाखू खातेस का?” असंच ना?

अगं, ती नाहीच म्हणणार! खोटं बोलत नाही ती. मिश्री तिच्या लेखी तंबाखू नव्हेच. तव्यावर काळी होईस्तोवर भाजली, कुटली, डबीत भरली की ते दात घासायचं झालं. म्हणून विचारायचं, दात कशाने घासतेस? दिवसातून किती वेळा? मळमळ सुरू झाल्यापासून वाढलं का?

२००४ साली मुंबईतल्या १२१७ गरोदर बायांचा अभ्यास छापून आला. मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी आणि सहा दिवस आधी जन्मलेली निघाली. बत्तीस आठवड्यांच्या आत बाळंत होण्याचा धोका तर जवळजवळ पाचपट. निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात, बाळाला पोसणाऱ्या वारेकडे रक्त कमी जातं. हिरडीतून गेलं काय नि धुरातून गेलं काय, पोटातल्या बाळाला सारखंच.

मी ते वाचलं तेव्हा मला एक उंबरा आठवला. त्याच्याही दहा वर्षं आधीचा. दुसऱ्या खेपेची गरोदर बाई, सातवा महिना, उंबऱ्यात बसून मिश्री लावत होती. मी शेजारी बसून गप्पा मारल्या, आणि रजिस्टरात लिहिलं, ‘नाही’. तिचं बाळ दोन दिवस जगलं. माझी आईही मिश्री लावायची. पगाराच्या दिवशी बाजारातून मीच आणून द्यायची. मला ते व्यसन वाटलंच नव्हतं. पाच हजार वस्ती, मी एकटी नर्स, बहुतेक फिरणं पायी. महिनाअखेरीला वरून एकच विचारणा, नसबंदीच्या केसेस किती? १९९६ ला ती टार्गेटं गेली, तोवर दुसरं कुणी काही विचारलं नाही, शिकवलं नाही. हे सगळं खरं आहे. पण डबी मी डोळ्यांनी पाहिली होती.

तुझ्या बाईचं तसंच झालं असं मी म्हणत नाही. विचारलंच नाही, म्हणून आता ते कुणालाच सांगता येणार नाही. पोस्टर लावू का म्हणतेस. लाव. पण त्यावर सिगारेट असते. आपल्या बायका सिगारेट ओढतात का गं? पोस्टर विचारत नाही. तू विचार. दर महिन्याला, प्रत्येकीला, दात कशाने घासतेस?

ती एकटी असताना विचार. ओरडू नकोस, ओरडलीस की पुढच्या फेरीला ती “सोडली” म्हणेल आणि डबी दडवेल. सोडल्यावर डोकं दुखतं, शौचाला साफ होत नाही, चिडचिड होते, हे आधीच सांगून ठेव. पाणी, पालेभाजी, ब्रश, आणि पहिले पंधरा दिवस चार दिवसांआड तुझी फेरी. पाचव्या महिन्यात सोडली तरी उपयोग आहे, सातव्यातही आहे. उशीर झाला म्हणून गप्प बसू नकोस, मी बसले होते.

आणि ही बाई अजून तुझ्याच यादीत आहे. बाळ घरी येईल, अंगावर पिईल, निकोटिन दुधातूनही उतरतं. उद्याच तिच्या घरी जा. सासूलाही बसवून घे. डबी बहुधा चुलीजवळच्या कोनाड्यात असेल.

तुझी,
सिस्टर मावशी