शब्दचर्चा : आनुवंशिक, जनुकीय की जन्मजात?

प्रश्न असा : नर्सिंगच्या वर्गात मराठीतून शिकवताना हे तीन शब्द एकमेकांऐवजी वापरले तर बिघडते का?

बिघडते. ‘आनुवंशिक’ म्हणजे आईवडिलांकडून अपत्यात उतरलेले. ‘जनुकीय’ म्हणजे जनुकांतल्या बदलामुळे झालेले. तो बदल वारशानेच यावा असे नाही. ‘जन्मजात’ नुसती वेळ सांगतो, कारण सांगत नाही. गरोदरपणात आईला रुबेला झाल्याने बाळाला आलेला बहिरेपणा जन्मजात खरा, पण जनुकीय नव्हे. उलट हंटिंग्टनचा हा मेंदूचा आजार आनुवंशिक, तरी लक्षणे बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसतात.

सर्वाधिक घोटाळा कर्करोगात होतो. पेशीतली जनुके बिघडल्याशिवाय तो होत नाही, म्हणून जनुकीय. पण स्तनाच्या कर्करोगात वारशाने आलेला दोष सुमारे ५ ते १० टक्के रुग्णांतच सापडतो. शिक्षिका वर्गात सरसकट ‘आनुवंशिक’ म्हणाल्या, की विद्यार्थिनी वॉर्डात रुग्णाच्या मुलीला तेच ऐकवते. डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची जादा प्रत असते आणि सुमारे ९५ टक्के वेळा ती बीजपेशी तयार होताना गुणसूत्रे नीट विलग न झाल्याने येते. त्याला ‘गुणसूत्रीय’ म्हणावे. ‘आनुवंशिक’ म्हटले की घरचे सुनेच्या माहेराकडे बोट दाखवायला मोकळे!

‘वाहक’ या शब्दाचीही काळजी घ्यावी. विदर्भात, नंदुरबारात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीत तो रोज लागतो. पण लोकांना वाहक माहीत असतो तो एसटीतला, नाहीतर रोगजंतू पसरवणारा. म्हणून लगेच जोडून सांगावे : वाहक म्हणजे ‘एएस’, म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत, हा संसर्ग नाही, जेवणाखाण्यातून लागत नाही. जोडपे दोघेही वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात ‘एसएस’ (दोन्ही प्रती सदोष, म्हणजे आजारी) बाळाची शक्यता २५ टक्के, ‘एएस’ची ५० आणि निर्दोष बाळाची २५. ‘चारांतले एक मूल’ अशी मांडणी टाळावी. पहिले आजारी निघाले म्हणजे पुढची तीन ठणठणीत, असा अर्थ लोक काढतात.

लेखनाचे म्हणाल तर ‘अनुवंशिक’ नव्हे, ‘आनुवंशिक’ : समाज–सामाजिक, तसेच अनुवंश–आनुवंशिक. आणि जीनोमला, म्हणजे पेशीतल्या संपूर्ण डीएनएला, ‘जनुकसंच’ म्हणणे मला पटत नाही. माणसाच्या जीनोममध्ये सुमारे ३ अब्ज आधारजोड्या (डीएनएच्या साखळीतले दुवे) असतात. त्यांतला जेमतेम एक-दोन टक्के भाग प्रथिने बनवण्याची कृती सांगतो. उरलेल्याला जनुकांचा संच कसे म्हणणार? ‘जीनोम’च ठेवावे.