जुन्या सागवानी फळ्यांतून सुतारी हत्यारांचं कपाट कसं बनवावं?

पाडलेल्या घराच्या दोन सागवानी चौकटी आणि माळ्याच्या इंची फळ्या तुमच्याकडे आहेत, असं तुम्ही लिहिलंय. तेवढं पुरेल.

आधी खिळे. नुसत्या नजरेवर भरवसा ठेवू नका, दोन्ही बाजूंनी लोहचुंबक फिरवा. मुंडकं तुटलेला एक खिळा आत राहिला की रंध्याच्या पात्याला दाता पडलाच. निघतच नसेल तर तेवढा तुकडा कापून टाका. कडेचा पांढरा भागही काढा. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही, पांढरं मात्र खाते.

माप 3 फूट उंच, 2 फूट रुंद, 8 इंच खोल. बाजू, वरखाली आणि दोन खण मिळून 14 फूट फळी लागते. चिरलेली टोकं वाया जातात म्हणून 17 फूट धरा. रंधून सहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडी राहू द्या. बाजूच्या फळ्यांत दोन सूत खोल खाचा पाडून खण बसवा. जुनं सागवान तेलकट, म्हणून सांध्याची जागा त्याच दिवशी रंधून लगेच फेविकॉल लावा, नाहीतर पकड येत नाही. स्क्रूआधी 3 मिलिमीटरचं भोक पाडाच, टोकाशी फळी फाटते. पाठीला 6 मिलिमीटर प्लाय.

खरी चूक दारात होते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर असतो, लाकूड आखडलेलं असतं. तेव्हा नेमकं बसवलेलं अखंड फळीचं दार श्रावणात अडकतं, मग लोक कडा रंधतात आणि दिवाळीनंतर फट दिसते. मी चौकटीच्या लाकडातून दोन इंची पट्ट्या काढून दाराची चौकट करीन, मध्ये खाचेत प्लाय, गोंद न लावता. उन्हाळ्यात बनवत असाल तर दोन दारांमध्ये एक सूत फट ठेवा.

रंधे, वाकस (लाकूड तासायचं हत्यार) खालच्या खणात. पटाश्या भोकं पाडलेल्या पट्टीत उभ्या. करवत दाराच्या आतून. भरलेलं कपाट पंचवीस-तीस किलोचं होतं, मातीच्या भिंतीला टांगू नका. विटांवर, भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा; वाळवीची माती चढलेली दिसते तरी.

बाहेरून जवसाचं उकळलेलं तेल, दोन पातळ हात. आतून काही नको, वास महिनोन्‌महिने कोंडतो. तेलाची चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटते. दोरीवर पसरून वाळवा.