गिरिस्थानाचा कारभारी कसा निवडावा?

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहते. तिच्या घराजवळच्या एका डोंगरी पर्यटनगावाने ‘टाउन मॅनेजर’ पाहिजे अशी जाहिरात दिली असून देशभरातून अर्ज मागवले आहेत. आमचे एका थंड हवेच्या ठिकाणी छोटे घर आहे. तेथील मुख्याधिकारी बदलल्याचे आम्हांला दारावरची पाटी बदलली की कळते. आपल्या गिरिस्थान नगरपरिषदांनीही असा अधिकारी जाहिरात देऊन का निवडू नये?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कायद्यापुरते उत्तर सरळ आहे. आपल्याकडे नगरपरिषदेला तो अधिकार नाही. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 नुसार मुख्याधिकारी हा राज्य शासनाच्या संवर्गातला अधिकारी असतो आणि त्याची नेमणूक व बदली शासन करते. चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली, बाराव्या अनुसूचीने 18 विषय नागरी संस्थांसाठी नेमून दिले, परंतु ते विषय ज्याच्या हातून पार पडायचे तो माणूस निवडणे शासनाकडेच राहिले.

अमेरिकेतली पद्धत वेगळ्या मुळातून वाढली आहे. व्हर्जिनियातील स्टाँटन या गावाने 1908 साली पहिला पगारी व्यवस्थापक नेमला, आणि 1913 च्या महापुरानंतर ओहायोतील डेटन शहराने हीच पद्धत स्वीकारल्यावर ती देशभर पसरली. निवडून आलेल्या मंडळाने धोरण ठरवायचे, व्यवस्थापकाने ते राबवायचे आणि काम समाधानकारक नसेल तर मंडळाने त्याला दूर करायचे, असा हा करार आहे. पर्यटनगावांत या पदाची कसोटी अधिकच कठीण असते, कारण कायम वस्ती काही हजारांची असली तरी पाणी, सांडपाणी, बस आणि रस्त्यावरचा बर्फ काढणे ही सारी व्यवस्था हंगामात येणाऱ्या कितीतरी पट लोकांसाठी ठेवावी लागते. हॉटेलांत राबणाऱ्या माणसांना गावात घर परवडत नाही, म्हणून कोलोरॅडोतील व्हेल या गावाने 2017 पासून घरमालकांना पैसे देऊन, त्या घरांत स्थानिक कामगारच राहतील असे निर्बंध दस्तांत नोंदवून घेण्याची योजना चालवली आहे. कॅलिफोर्नियातील मॅमथ लेक्स या गावाने एका विकासकाशी केलेला करार मोडला, न्यायालयाने मोठी भरपाई बसवली, व्याज धरून ती सुमारे 4 कोटी 30 लाख डॉलरवर गेली आणि 2012 साली गावाला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. अशा गावाची जबाबदारी घेणाऱ्याला हिशेब, कायदा आणि माणसे या तिन्हींची जाण लागते.

तरीही ही पद्धत जशीच्या तशी उचलावी, असे मी म्हणणार नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर 2001 पासून आणि माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तेथे बांधकामाला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याची नोकरी, ज्यांचा व्यवसाय त्या बांधकामावर अवलंबून आहे अशांच्या मतावर टांगलेली असणे मला धोक्याचे वाटते. छोट्या गावात सारेच एकमेकांचे सोयरे किंवा भागीदार असतात; अशा ठिकाणी बाहेरून आलेला, शासनाचे पाठबळ असलेला अधिकारी हे संरक्षण आहे.

मग आपल्या मुलीच्या गावाकडून घ्यावे असे काय आहे? जाहिरातीआधी तयार होणारा कागद. अशी गावे अर्ज मागवण्यापूर्वी नगरसेवक, कर्मचारी, व्यापारी आणि रहिवासी यांच्याशी बोलून गावाची सद्यःस्थिती आणि नव्या व्यवस्थापकापुढची पहिल्या एक-दोन वर्षांची कामे लिहून काढतात व तो मजकूर सर्वांसाठी खुला करतात. येणाऱ्या माणसाकडून गावाची अपेक्षा काय, हे तो येण्याआधीच ठरलेले असते.

आपल्याकडे पदभाराची यादी असते, तिचा माझा अनुभव सांगतो. एका गिरिस्थान नगरपरिषदेत मी मुख्याधिकारी म्हणून रुजू झालो तेव्हा माझ्या हाती आलेल्या यादीत कपाटाच्या किल्ल्या, वाहने, धनादेश पुस्तिका आणि न्यायप्रविष्ट प्रकरणांची संख्या होती. पहिल्याच शनिवारी वरच्या आळीला पाणी गेले नाही. निवृत्तीला आलेले एक व्हॉल्वमन मला टाकीवर घेऊन गेले, चाकावर हात ठेवून म्हणाले, “साहेब, शुक्रवारी संध्याकाळी हा साडेचार फेरे आवळायचा, नाहीतर खालची हॉटेलं सगळं ओढून घेतात.” मी ते डायरीच्या मागच्या पानावर टिपून घेतले. गावाच्या पाण्याचे न्याय्य वाटप त्या एका माणसाच्या हातात होते आणि कोणत्याही यादीत त्याचा उल्लेख नव्हता.

त्यामुळे निवडीचा अधिकार नसला तरी नगरपरिषदेने असा कागद करण्याला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. सर्वसाधारण सभेने ठराव करावा. पाण्याचे वेळापत्रक, कचरा डेपोची उरलेली क्षमता, प्रवासी कराची वसुली, रखडलेली कामे आणि न्यायालयातले दावे यांची टिपणी खातेप्रमुखांकडून लिहून घ्यावी, व्हॉल्वमन आणि सफाई मुकादमांनाही विचारावे, आणि माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मधील स्वयंप्रेरणेने माहिती जाहीर करण्याच्या तरतुदीनुसार ती प्रसिद्ध करावी. आपले तेथे घर आहे, म्हणजे आपण मालमत्ता कर भरता. अशी लेखी मागणी आपणही करू शकता, आणि चार-पाच मालमत्ताधारकांनी मिळून केली तर ती सभेपुढे येण्याचा संभव वाढतो.

वेळेकडे मात्र लक्ष ठेवावे. 2005 च्या बदल्यांच्या कायद्यानुसार अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाल तीन वर्षांचा असतो आणि बदल्या सामान्यतः एप्रिल-मे महिन्यांत होतात. म्हणजे नवा अधिकारी गिरिस्थानावर पाऊल ठेवतो तो ऐन उन्हाळी गर्दीत, जेव्हा टाकी तळाला गेलेली असते आणि त्याला काही समजावून सांगायला कोणाकडेच उसंत नसते. ही टिपणी मार्चअखेर तयार असली पाहिजे. आपला अर्ज डिसेंबरच्या आत द्यावा.